करंजसड्याची शिरगणती

करंजसडे कुठं आलं, असं कुणी विचारलं की सयाजी साळोखे गुरुजी आधी कपाळाला आठी घालायचे आणि मग सांगायचे, "राधानगरीच्या पुढं यष्टीनं सव्वा तास. रस्ता संपला की उतरायचं. पुढं रस्ताच न्हाय, म्हणून तितं गाव हाय." ऐकणारा हसला की त्यांना बरं वाटायचं. मग ते ठेवणीतलं वाक्य काढायचे, "तीन बाजूला डोंगर आणि चौथ्या बाजूला यष्टीचा थांबा. शाण्या माणसानं चौथी बाजू धरावी."

हा शहाणा माणूस त्या गावात वीस वर्षं राहिला. महिन्यातून एकदा शनिवारी दुपारी तो चौथी बाजू धरायचा आणि सोमवारी सकाळी तीच यष्टी त्याला परत आणून टाकायची.

गुरुजी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले. इथं हे एकदा सांगितलं तरी पुरे, ते स्वतः दिवसातून दहादा सांगायचे. पेठेत त्यांच्या थोरल्या भावाचं, सर्जेरावाचं, तीन खोल्यांचं घर होतं आणि त्यातली एक खोली आपली आहे असं गुरुजी धरून चालले होते. पेठेच्या फुटबॉल संघात ते दोन हंगाम राखीव खेळाडू होते. दोन हंगामांत मिळून अकरा मिनिटं मैदानावर उतरले, तेही संघ चार गोलांनी पुढं असताना. करंजसड्यात हीच गोष्ट सांगताना अकरा मिनिटांचे अकरा सामने व्हायचे आणि चारातले दोन गोल गुरुजींच्या पायाला लागून जाळीत जायचे. गावात कुणी फुटबॉलचा सामना बघितलाच नव्हता, तेव्हा शंका काढणार कोण? अर्ध्या हळकुंडानं पिवळं व्हायला याहून सोयीची जागा शोधून सापडली नसती.

सत्त्याऐंशी साली जिल्हा परिषदेच्या शाळेवर नेमणुकीचा कागद घेऊन ते आले, तेव्हा बायकोला, संयोगिताला, म्हणाले होते, "दोन वर्सं. जादा न्हाय." म्हणून ट्रंका सोडल्याच नाहीत. दर मे महिन्यात बदलीचा अर्ज जायचा आणि दर जूनमध्ये तेच गुरुजी त्याच वर्गात त्याच फळ्यापुढं उभे असायचे. ट्रंकांना गंज चढला, त्यावर मुलींनी खडूनं चित्रं काढली, तरी त्या "बांधलेल्या"च राहिल्या.

आता खरं बोलायचं तर करंजसडेही काही कमी ओवाळून टाकलेलं नव्हतं. डोंगराच्या पोटाला एक खडकाळ सपाटी सुटलेली, त्यावर घरं अशी बसली होती, जशी ओट्यावर घासून पालथी घातलेली भांडी. वर वरची आळी, मध्ये बाजारआळी, खाली खालची आळी. नावं ठेवण्यातसुद्धा गावानं डोकं म्हणून चालवलं नव्हतं. पाऊस चार महिने असा लागायचा की मातीच्या भिंतींना गवताचे तट्टे बांधून माणसं आत धुरात बसायची आणि एकमेकांच्या चहाड्या करायची. आणि मिजास? बाजारआळीला "मेन रोड" म्हणायचे. त्या मेन रोडवर दोन म्हशी समोरासमोर आल्या की एकीला मागं सरावं लागे. सरपंच गणपतराव तालुक्याला जाऊन "आमच्या शहरात" अशी सुरुवात करायचा आणि तालुक्याचे कारकून चहाचा कप तोंडापुढं धरून हसायचे. पेठेतला गुरुजी करंजसड्याला हसायचा. करंजसडे वर सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या, धनगरवाड्याला हसायचं. धनगरवाड्यातली माणसं कुणाला हसत होती हे कळायला मार्ग नाही, कारण तिथं चढून जाण्याची तसदी कुणीच घेत नसे.

गुरुजींनी खोल्या घेतल्या त्या वरच्या आळीत, रत्नव्वाच्या घरात. रत्नव्वा लिंगायत, विधवा, माहेर नेसरीकडचं. बोलताना तिच्या मराठीत कानडी शब्द डोकवायचे. संयोगिताला ती पहिल्या दिवसापासून 'तंगी' म्हणाली, म्हणजे धाकटी बहीण. पुढं किराणा दुकान होतं, ते तिचा मुलगा प्रभुलिंग चालवायचा, आणि बाजूला स्वतंत्र दाराच्या दोन खोल्या, त्या गुरुजींच्या. दुकान हे तिचं पोट, पण जीव होता बाळंतपणांत. गावातली तीस वर्षांतली निम्मीअधिक पोरं तिच्या हातावर जगात आली होती. एक नारळ आणि खण, यापलीकडे तिनं कुणाकडून काही घेतलं नाही. गुरुजींच्या दोन्ही मुलीही तिच्याच हातच्या. थोरली प्रेरणा भर आषाढात, घाट बंद असताना झाली. रत्नव्वा रात्रभर संयोगिताच्या उशाशी बसून होती. गुरुजींनी पेठेत सांगताना मात्र पोरगी कोल्हापुरातल्या दवाखान्यात झाली असं सांगितलं. का? तर करंजसड्यात जन्म म्हणजे पोरीच्या नावाला डाग! असल्या माणसाला काय म्हणावं?

एक्याण्णवच्या शिरगणतीला गुरुजी पहिल्यांदा मोजणीला फिरले. तेव्हा मोजणीशी गावाला काही देणंघेणं नव्हतं. सत्तावीसशे चाळीस भरले, कागद तालुक्याला गेले, संपलं. आपल्या घरातली नावं मात्र गुरुजींनी त्यात लिहिली नाहीत. पेठेत आई होती. तिनं मोजणीवाल्याला उंबऱ्यात बसवून, चहा पाजून, धाकट्या लेकाचं, सुनेचं आणि नातीचं नाव पेठेच्या कागदावर चढवलं. जो जिथं राहतो त्याला तिथंच मोजायचं, हा नियम गुरुजींना पाठ होता. पण नियम करंजसडेकरांसाठी होता, पेठेतल्या माणसासाठी नव्हे. शहाण्णव साली आई वारली.

गावाला मोजणीची गरज पडली ती नव्याण्णव सालापासून. प्रभुलिंगची बायको, सौंदर्या, पहिलटकरीण होती. मूल आडवं होतं. रत्नव्वाच्या हातांना तोवर कंप सुटला होता. तिला स्वतःला ते कळत होतं आणि तिनं ते लपवलं नाही. "ह्ये माज्या हातचं न्हाय," म्हणाली, "खाली न्या." नर्स अकरा किलोमीटर खाली, घाटाच्या तळाला, पारळी गावात. जीप मिळेना, म्हणून सौंदर्याला डेअरीच्या टेंपोत दुधाच्या कॅनांमध्ये झोपवून नेली. सातव्या वळणावर बाळंतीण मोकळी झाली. पोर रडलंच नाही. टेंपोवाल्यानं तरी कॅन वेळेवर पोचवले, हे गणपतरावानं नंतर चार जणांत कौतुकानं सांगितलं. गाव हे असं.

रत्नव्वा मात्र गप्प बसली नाही. साठी उलटलेली बाई, घाट उतरून तालुक्याला गेली, तिथं डॉक्टरसाहेबाच्या टेबलापुढं उभी राहिली आणि नर्स का मिळत नाही ते विचारून आली. डोंगरी भागात तीन हजार वस्तीमागं एक उपकेंद्र, नर्स मुक्कामाला. दोन हजार एकच्या शिरगणतीत तीन हजार भरले तर करंजसड्याचा विचार होईल, एरवी नाही.

"तीन हजार," ती घरी येऊन गुरुजींना म्हणाली. "भरतील का वो गुरुजी?"

"भरतील की," गुरुजी म्हणाले. "हितं दुसरा उद्योग काय हाय लोकास्नी?"

ती हसली. तिला वाटलं, गुरुजींनी धीर दिला.

दोन हजारच्या उन्हाळ्यात शिरगणतीच्या आधीची घरयादी झाली. गावात पाच गुरुजी मोजणीला. सयाजी गुरुजी सगळ्यांत जुने, म्हणून वरची आळी आणि धनगरवाडा त्यांच्याकडे. गेरूचा डबा आणि काथ्याचा कुंचला घेऊन ते दारोदार आकडे काढत फिरले. गावाचा नजरी नकाशा त्यांनीच काढला, तोही शाळेतल्या खुर्चीत बसून: तीन बाजूंना डोंगराची नक्षी, मध्ये चौकोन, आणि सगळ्यांत ठळक काय, तर यष्टीचा थांबा. रत्नव्वाच्या दारावर त्यांनी दोनशे चौदा घातला. मग स्वतःच्या दारापुढून तसेच पुढं गेले आणि पलीकडच्या घराला दोनशे पंधरा दिला.

संयोगिता दारातच तांदूळ निवडत बसली होती. "आणि आपल्या दारावर?"

"आपल्या दारावर कशाला? आपण हितलं हाय व्हय?"

"तेरा वर्सं झाली की."

"चाळीस हुईनात. माझं नाव पेठंत लागतंय. दादा देतोय की."

"दादांस्नी विचारलंय?"

"सख्ख्या भावाला विचारायचं काय त्यात?" म्हणाले, आणि कुंचला झटकून निघून गेले. गेरूचे चार थेंब उंबऱ्यावर पडले. त्या दाराला गावाच्या हिशोबात तेवढाच रंग लागला.

दोन हजार एकच्या फेब्रुवारीत मोजणीचे वीस दिवस आले आणि गावात एक विचित्र गोष्ट घडली. फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा हंगाम. खालच्या आळीतली सत्तर-ऐंशी माणसं दरवर्षी खाली तोडीला जायची आणि मार्चअखेर परतायची. मोजणीच्या मुदतीत घरी नसलेला माणूस गावात धरायचा नाही, हा नियम. रत्नव्वानं गणपतरावाच्या मागं लागून गावदेवीची म्हाई, म्हणजे गावजेवणाची जत्रा, एप्रिलमधून उचलून फेब्रुवारीत आणवली. देवीला कौल लावला म्हणे, आणि देवीनंही लगेच उजवा दिला. नर्स हवी असणार तिलाही. जेवणाच्या आशेनं तोडीवरची सगळी माणसं बायकापोरांसकट चार दिवस घरी आली. ज्या बाईच्या घरात मटण शिजत नव्हतं तिनं मटणाची जत्रा भरवून गाव गोळा केलं.

गुरुजींना हे बघून हसू आवरेना. पेठेत जाऊन सांगायला त्यांना वर्षभराचा मालमसाला मिळाला. "शिरगणतीला जत्रा भरवणारं गाव बगितलंय काय कुठं?"

धनगरवाड्यावर मात्र ते चढले नाहीत. पायथ्याशी एका सपाट दगडावर बसले आणि वर निरोप धाडला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फरक एवढाच की इथं शेळ्यावाली माणसं स्वतःच खाली उतरून आली. रत्नव्वानं त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. सगळ्यांत शेवटी बायडाबाई नावाची नव्वदीची म्हातारी नातवाच्या पाठीवर बसून आली.

"माजं नाव घाला," म्हातारी म्हणाली. "पर मी मूळची हितली न्हवं. लगीन हून आलोय."

"आज्जी, मूळ कुणाचं का असंना," गुरुजी तिला वर्गातल्यासारखं समजावून बोलले. "माणूस जितं राहतंय, जितं जेवतंय, झोपतंय, तितलं धरायचं. असा नियम हाय."

हे सांगताना त्यांच्या तोंडाचा स्नायूदेखील हलला नाही.

पुढच्या वर्षी, एक मेच्या ग्रामसभेला, तालुक्याहून आलेला आकडा गणपतरावानं शाळेच्या पटांगणात वाचला. कडक इस्त्रीचा सदरा घालून, घसा खाकरून, झेंडा फडकवावा तशा थाटात कागद उलगडला आणि त्याचं तोंड पडलं.

"दोन हजार नवशे सत्त्याण्णव."

क्षणभर कुणालाच समजलं नाही. मग कुणीतरी बोटांवर मोजलं, तीन कमी. आणि गाव एकमेकांच्या उरावर बसलं. एकजण म्हणाला, "तुज्या म्हाताऱ्यानं मोजणीच्या आदल्या दिवशी डोळं मिटलं, चार दिवस थांबला असता तर काय झालं असतं?" त्यावर म्हाताऱ्याचा मुलगा उठला, "माजा बा काय तुला विचारून मरणार हुता?" कुणी म्हणे मुंबईला पळून गेलेल्या जोडप्याचं हे पाप, कुणी म्हणे धनगरांनी दोन पोरं लपवली. तीन हजार माणसांच्या गावात तीन माणसांसाठी तीनशे माणसं भांडत होती आणि एकाचंही डोकं जागेवर नव्हतं.

बायकांच्या बाजूनं रत्नव्वा उठली. तिच्या शेजारी संयोगिता बसली होती. कंप सुटलेला हात पदरात धरून रत्नव्वानं सरळ गुरुजींकडे बघितलं.

"गुरुजी, तुमच्या दारावर आकडा न्हाय, म्हणून इचारतो. तुमची चार माणसं धरली न्हवं?"

दोन हजार नऊशे सत्त्याण्णव आणि चार, हा हिशोब गुरुजींनी आकडा वाचल्या वाचल्या केला होता. पहिलीचं पोरही करील. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? चार माणसं सुटल्याचा अर्ज गेला असता. तालुक्यानं ऐकलं असतं, नसतं. गुरुजींच्या नोकरीला एखादा मेमो चिकटला असता आणि गावानं दोन महिने शिव्या घातल्या असत्या. एवढंच. एका बाजूला एवढंच आणि दुसऱ्या बाजूला नर्स.

"धरली की," गुरुजी म्हणाले. "माज्याच दारात मी चुकीन व्हय?"

"तसं न्हवं," रत्नव्वा ओशाळून म्हणाली. "आपलं इचारलं." आणि खाली बसली. संयोगितानं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि जमिनीकडे बघत राहिली. तिनं तोंड उघडलं नाही, हा तिचाही गुन्हा, आणि तो तिनं पुढं कधी नाकारला नाही.

दोन हजार तीनच्या जुलैत सौंदर्या पुन्हा बाळंतपणाला आली. दिवस भरायच्या आधी तिला माहेरी न्यायचं ठरलं होतं, तिचंही माहेर नेसरीकडचंच, पण दिवस भरायच्या आधीच कळा आल्या. घाटात दोन ठिकाणी दरड होती. डेअरीचा टेंपोसुद्धा तीन दिवस वर आला नव्हता. रत्नव्वानं थरथरत्या हातांनी सुनेचं बाळंतपण केलं. संयोगिता दिवा धरून उभी होती. मुलगा झाला, रडला, चांगला हातपाय झाडत रडला. पण सौंदर्याचं रक्त थांबेना. "अत्ती, मला थंडी वाजतीय," एवढं ती सासूला म्हणाली. उजाडायच्या आत गेली.

नर्स असती तर ती वाचली असती का? छातीठोक कुणीच सांगू शकत नाही. पण एक सुई, एक बाटली, दोन न थरथरणारे हात तिच्या उशाशी असते. ते नव्हते, आणि का नव्हते ते त्या गावात फक्त दोन माणसांना ठाऊक होतं, आणि ती दोघं एका छपराखाली राहत होती.

माती देऊन आल्यावर गुरुजी घरात शिरायला गेले तर संयोगिता दारात. हातात वाटीत कालवलेला गेरू. चिंधीच्या बोळ्यानं तिनं दारावर आकडा काढत आणला होता, वाकडातिकडा: दोनशे चौदा, आणि पुढं एक 'अ'.

"आता काय उपेग त्याचा?" गुरुजी हळूच म्हणाले.

"कायबी न्हाय," ती म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर ती त्यांच्याशी कामापुरतं बोलायची. गुरुजींनी पेठेच्या गोष्टी सांगायला घेतल्या की ती उठून रत्नव्वाकडे जायची आणि तिच्या नातवाला मांडीवर घ्यायची. रत्नव्वाला तिनं कधी काही सांगितलं का? नाही. सांगायला रोज जायची आणि पोराला खेळवून परत यायची.

दोन हजार सातला बदलीचा अर्ज एकदाचा लागला. कोल्हापूरच्या अगदी लगतची शाळा. करंजसड्यानं शाल, श्रीफळ दिलं. गणपतरावानं तासभर भाषण ठोकलं, "साळोखे गुरुजी म्हंजे आमच्या शहरातलंच एक माणूस," आणि टाळ्या पडल्या. गुरुजींनी मान खाली घातली. लोकांना वाटलं, गहिवरले.

थांब्यावर रत्नव्वा आली होती, चार वर्षांच्या नातवाचं बोट धरून, की नातवानं तिचं बोट धरून, कळत नव्हतं. संयोगिताच्या हातात तिनं नाचणीच्या पापडांचं गाठोडं दिलं. "तंगी, खोल्या कुणाला द्येत न्हाय मी. कवाबी या." मग गुरुजींकडे वळली.

"नर्सबाईचं आता फुडच्या मोजणीला बगायचं," म्हणाली. "तवा तुमी नसणार. तुमची चार माणसं कमी भरतील, तेवढं बगाय पायजे."

गुरुजी यष्टीत चढले. गंजलेल्या ट्रंका वर टपावर होत्या. संयोगिता खिडकीतून मागं बघत रडत होती आणि गुरुजी पुढं, घाटाकडे, चौथ्या बाजूला बघत होते.

पेठेत पोचले तर त्यांच्या खोलीत सर्जेरावाच्या थोरल्या मुलाचं लोखंडी कपाट, पलंग आणि टीव्ही. मुलाचं लग्न ठरलं होतं. सर्जेराव म्हणाला, आठ दिवस रहा, तोवर भाड्याची जागा बघू.

"भाड्याची?" गुरुजींचा आवाज चढला. "दादा, मी ह्या घरातला हाय. शिरगणतीच्या कागदावर आमची चार नावं ह्याच घरात हायत!"

"कसली नावं?" सर्जेरावाला खरंच कळेना. "एक्याण्णवला आईनं दिली असतील. फुडच्या वक्ताला मास्तरीणबाई आलती. हितं कोण कोण राहतंय म्हणाली. आमी राहतो ती पाच सांगितली. तू हितं राहत हुतास व्हय?"

वहिनीनं स्वयंपाकघरातून भर घातली, "नियमच हाय म्हणं तसा. जितं राहतंय तितंच सांगायचं."

तो नियम त्यांनी स्वतः नव्वदीच्या म्हातारीला दगडावर बसून शिकवला होता.

"म्हंजे आपण कुटंच न्हवतो," संयोगिता म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. इथं तर शंभर कोटींच्या देशात ही चार माणसं कुणाच्याच पंगतीला धरलेली नव्हती. आणि ज्या नावासाठी सौंदर्याच्या उशाची नर्स गेली, ते नाव पेठेनं घेतलंसुद्धा नव्हतं.

भाड्याची जागा शहराबाहेर मिळाली. ट्रंका पहिल्याच दिवशी संयोगितानं सोडल्या. वर्षातून दोनदा मुलींना घेऊन ती करंजसड्याला जायची. गुरुजींना चला म्हणायची नाही आणि ते येतो म्हणायचे नाहीत.

रविवारी मात्र गुरुजी पेठेत यायचे. तालमीच्या कट्ट्यावर एका कडेला बसायचे. जुने सवंगडी पांगले होते, काही वर गेले होते. दोन हजार आठच्या मार्चमध्ये पेठेचा मोठा सामना होता, कट्टा पोरांनी भरलेला. एक पोरगा, संघाचा टीशर्ट घातलेला, गुरुजींपाशी आला.

"पावणं, जरा सरकता का?"

गुरुजी सरकले. वीस वर्षांपूर्वी कुणी त्यांना या कट्ट्यावर पाव्हणा म्हटलं असतं तर मारामारी झाली असती. पोरगा टेकला, घाम पुसला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "कुठलं पावणं तुमी?"

'शिवाजी पेठेतला' हे उत्तर तोंडात तयार होतं. आयुष्यभर तयार होतं. गुरुजींनी ते उचललं आणि जमेना.

"करंजसड्याचा," ते म्हणाले.

"ह्ये कुठं आलं?"

"राधानगरीच्या फुडं. घाट चढून वर. तीन बाजूला डोंगर हाय." एवढ्यावर ते थांबले, चौथी बाजू त्यांनी सांगितली नाही.

"मोठं हाय का गाव? वस्ती किती?"

"तीन हजार एक," सयाजी साळोखे म्हणाले.